बाहेरचा मजूर की बांधलेला मजूर?

शेतमजुराची मजुरी वाढत नाही याला बाहेरून येणारा मजूर जबाबदार आहे. त्याला वेशीवर अडवा, म्हणजे मागणी-पुरवठ्याच्या नियमाने स्थानिक मजुराचे दर आपोआप चढतील, असा एक युक्तिवाद अलीकडे आपल्या व्यासपीठांवरूनही ऐकू येऊ लागला आहे. उजव्या गोटातून तो आला असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ‘भूमिपुत्र’ या गोंडस शब्दाच्या आडोशाने तो आपल्या तरुण साथींच्याही तोंडी बसू लागला आहे, आणि अमेरिकेत २०२५ साली परदेशी मजुरांच्या धरपकडीची जी मोहीम सुरू झाली तिचा दाखला त्याच्या पुष्ट्यर्थ दिला जातो. भांडवलशाहीच्या माहेरघरात जर बाहेरचा मजूर नको झाला आहे, तर आपण समाजवाद्यांनी त्याची एवढी चिंता का वाहावी, असे हे म्हणणे.

याच्या नेमका उलटा सूर बागायतदारांचा आहे. मजूर मिळेनासा झाला, सबब यंत्रावाचून गत्यंतर नाही, आणि यंत्र महाग, सबब सरकारने अनुदान द्यावे! वरवर पाहता ही दोन मते एकमेकांवर धावून जाणारी दिसतात. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी गृहीत एकच आहे: मजुरी ही हातांच्या संख्येवर ठरते. हात जास्त झाले की ती उतरते, कमी झाले की चढते. पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकातील ही आकृती मीही अनेक वर्षे फळ्यावर काढली आहे, आणि बाजारात कांद्याचा भाव ठरताना ती बऱ्याच अंशी खरीही असते. पण कांद्याला संघटना करता येत नाही आणि कांद्याला उचल देऊन बांधताही येत नाही. हा फरक विसरून शेतमजुरीचा विचार केला तर काय होते, ते पाहण्यासाठी कॅलिफोर्नियात जावे लागेल. हात कमी करून मजुरी वाढविण्याचा प्रयोग तेथे एकदा पुरेपूर करून झालेला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेने मेक्सिकोशी शेतमजूर आणण्याचा करार केला. या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणत. स्पॅनिश भाषेत बाहू या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून हे नाव आले. माणूस नको, त्याचे बाहू तेवढे हवेत, हा व्यवहार नावातच उघड होता. युद्ध संपले तरी योजना संपली नाही. १९५१ च्या कायद्याने ती पक्की झाली आणि १९६४ च्या अखेरपर्यंत चालली. या बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले. सरहद्दीवरील केंद्रांत या माणसांना विवस्त्र करून तपासत आणि अंगावर डीडीटी फवारीत. पहिल्या काही वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचतीच्या नावाखाली कापली गेली. ती असंख्यांच्या हाती कधीच पडली नाही. पण या सर्व अपमानांहून महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. ब्रासेरोचा करार त्याला विशिष्ट मालकाशी बांधून टाकीत असे. दुसरीकडे चार पैसे अधिक मिळतात म्हणून त्याला तिकडे जाता येत नसे. तक्रार केली की परतीची वाट धरावी लागे. कागदावर त्याला ‘प्रचलित मजुरी’ देण्याचे बंधन होते खरे. परंतु ही प्रचलित मजुरी हंगामापूर्वी बागायतदारांच्या संघटनाच आपसांत बसून ठरवीत, आणि सरकार ती मान्य करी. अर्नेस्टो गालार्सा या मेक्सिकन वंशाच्या कामगार-कार्यकर्त्याने हा सारा व्यवहार पुराव्यानिशी उघडकीस आणला.

येथे एक तपशील मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १९५४ साली अमेरिकन सरकारने विनापरवाना मेक्सिकन मजुरांविरुद्ध हद्दपारीची प्रचंड मोहीम काढली. मग शेते ओस पडली काय? मुळीच नाही. १९५३ साली सुमारे दोन लाख ब्रासेरो आणले गेले होते. १९५६ साली ती संख्या चार लाखांच्या पुढे गेली. म्हणजे जो मजूर आपल्या पायाने आला होता त्याला हुसकून लावले आणि त्याच्या जागी करारात जखडलेला मजूर आणला. मालकाला परका माणूस नको होता असे नव्हे. त्याला हवा तेव्हा निघून जाणारा माणूस नको होता. आजही तेच चालले आहे. एकीकडे २०२५ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या शेतांवर छापे पडले. दुसरीकडे हंगामी परदेशी शेतमजुरांच्या ज्या परवान्याला तेथे ‘एच-२ए’ म्हणतात, त्याखाली मंजूर होणाऱ्या जागा २००५ च्या सुमारास पन्नास हजारांच्या आत होत्या, त्या २०२३ साली पावणेचार लाखांच्या पलीकडे गेल्या. हा परवानाही मजुराला मालकाशी बांधतो. आणि धरपकडीने मजूर दुर्मीळ झाल्यावर मजुरी वाढावी, तर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच सरकारच्या कामगार खात्याने या परवानाधारकांना द्यावयाच्या किमान दराची पद्धत बदलली, ती दर खाली आणणारी. हातांची टंचाई निर्माण करणारे आणि त्या टंचाईचा लाभ मजुराला मिळू न देणारे सरकार एकच.

आता मूळ प्रयोगाकडे वळू. १९६४ संपले आणि ब्रासेरो योजना बंद झाली. ती बंद झाली हे न्याय्यच झाले, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. ती बंद व्हावी म्हणून कामगार संघटनांनी, धर्मसंस्थांनी, सेझार चावेझसारख्या नेत्यांनी जिवाचे रान केले होते. अपेक्षा अशी होती की आता स्थानिक मजुराची मजुरी झपाट्याने वाढेल. क्लेमेन्स, लुइस आणि पोस्टेल या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ साली या प्रश्नाचा छडा लावला. हे तिघे काही आपल्या पंथाचे नव्हेत. त्यांनी ज्या राज्यांत ब्रासेरो मोठ्या प्रमाणावर होते तेथील शेतमजुरी आणि ज्या राज्यांत ते नव्हतेच तेथील शेतमजुरी यांची वर्षानुवर्षांची तुलना केली. निष्कर्ष असा की योजना बंद झाल्यामुळे ब्रासेरोंच्या राज्यांतील मजुरी इतरांपेक्षा अधिक वेगाने वाढली नाही. हात कमी झाले, मजुरी मात्र त्या कारणाने हलली नाही. मग त्या मोकळ्या जागेत कोण शिरले? जेथे शक्य होते तेथे यंत्र शिरले. जेथे यंत्र बसत नव्हते तेथील काही पिके कमी झाली.

टोमॅटोचे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. ब्रासेरो गेले तर टोमॅटोचा धंदा मेक्सिकोला जाईल, असा आक्रोश कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी केला होता. पण डेव्हिस येथील सरकारी विद्यापीठात यंत्र आधीच तयार होत होते. कोबी लॉरेन्झन यांनी टोमॅटो काढणारे यंत्र रचले, आणि जॅक हॅना यांनी त्या यंत्राला सोसेल असा, एकाच वेळी पिकणारा, टणक टोमॅटो पैदा केला. यंत्राला फळ सोसेना म्हणून फळ बदलले, हे लक्षात घ्या. १९६४ साली कारखान्यांसाठीच्या टोमॅटोचा अगदी थोडा भाग यंत्राने निघत होता. दशक संपण्यापूर्वी जवळजवळ सारे पीक यंत्राने निघू लागले. उत्पादन घटले नाही, वाढले. मात्र टोमॅटो पिकविणारे शेतकरी साठीच्या दशकाच्या आरंभी सुमारे चार हजार होते, ते १९७३ पर्यंत सहाशेच्या घरात आले, कारण ते अवाढव्य यंत्र लहान शेतकऱ्याला पेलणारे नव्हते. सत्तरीच्या दशकाच्या अखेरपर्यंत या एका धंद्यातून अंदाजे ३२ हजार रोजगार नाहीसे झाले. प्रारंभी यंत्रावर उभे राहून टोमॅटो निवडण्याचे काम मजुरांना, विशेषतः स्त्रियांना, मिळत असे. त्या दशकाच्या मध्यावर रंग ओळखणारी विद्युत-यंत्रणा आली आणि त्यातील बहुसंख्य तेथूनही उतरल्या. आजचे, पानाचे चित्र टिपून तण जाळणारे किंवा सॅलडची रोपे विरळणारे यंत्र हे याच कुळातले.

श्मिट्झ आणि सेक्लर या दोन कृषी-अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये या यंत्राचा हिशेब मांडला. संशोधनावर खर्च झालेल्या पैशाच्या मानाने समाजाला मिळालेला लाभ इतका प्रचंड निघाला की काम गमावलेल्या मजुरांना त्यांच्या बुडालेल्या मजुरीच्या निम्मी भरपाई दिली असती तरीही व्यवहार फायद्यात राहिला असता. भरपाई अर्थातच दिली गेली नाही. आमच्या शास्त्रात अशा स्थितीला ‘संभाव्य सुधारणा’ म्हणण्याची रीत आहे: ज्यांचा लाभ झाला ते हानी झालेल्यांची भरपाई करू शकतील एवढे पुरे, केलीच पाहिजे असे नाही. भुकेल्या माणसाला संभाव्य भाकरी वाढण्याचाच हा प्रकार. रिकार्डोसारखा भांडवलदारी अर्थशास्त्राचा मेरुमणीदेखील याबाबतीत अधिक प्रामाणिक होता. १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर नवे प्रकरण घालून, यंत्रामुळे मजुरांचे अहित होऊ शकते हे त्याने मान्य केले.

हे यंत्र कोणाच्या पैशाने झाले, हा प्रश्न कॅलिफोर्नियाच्या मजुरांनी विचारला. त्यांच्या वतीने १९७९ साली विद्यापीठावर खटला भरण्यात आला. सार्वजनिक निधी मूठभर बड्या बागायतदारांच्या सोयीसाठी वापरला जातो, त्यात लहान शेतकऱ्याचा व मजुराचा विचार होत नाही, असा दावा होता. १९८७ साली खालच्या न्यायालयाने विद्यापीठाच्या विरुद्ध निकाल दिला. १९८९ साली वरच्या न्यायालयाने तो फिरविला. खटला हरला, पण प्रश्न हरला नाही. यंत्र आकाशातून पडत नाही. कोणीतरी ते मागते, कोणीतरी त्याचा खर्च उचलते. विद्यापीठात हयात घालविलेल्या माणसाला हे थोडे टोचते, पण तेथील प्रयोगशाळांत कोणाचे प्रश्न शिरतात आणि कोणाचे दाराबाहेर राहतात, हे आपण सर्वजण जाणतो.

मग कॅलिफोर्नियात मजुरी कधीच वाढली नाही काय? वाढली. ती कशी वाढली हेच आपल्या साथींनी नीट पाहावे. १९३५ च्या ज्या कायद्याने अमेरिकन कामगाराला संघटनेचे संरक्षण दिले, त्यातून शेतमजूर वगळलेला होता. १९६५ च्या वसंतात कोचेला खोऱ्यात द्राक्षतोडणी सुरू झाली. परदेशी मजूर आणावयाचे असतील तर तासाला १ डॉलर ४० सेंट द्यावे लागतील, असा दंडक कामगारमंत्री विलर्ड वर्त्झ यांनी घातला होता. स्थानिक फिलिपिनो मजुरांना मात्र त्याहून कमी दर देऊ केला गेला. त्यांनी संप केला आणि थोड्याच दिवसांत तोच दर मिळविला. तेच मजूर पुढे डेलानोला गेले, तेथील मालकांनी तो दर नाकारला, आणि ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इट्लिओंग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजूर संपावर गेले. यापूर्वी मालक काय करीत? फिलिपिनोंचा संप मेक्सिकनांना आणून मोडीत, मेक्सिकनांचा फिलिपिनोंना आणून. या खेपेस आठवडाभरात चावेझ यांची मेक्सिकन मजुरांची संघटना संपात सामील झाली. पाच वर्षे लढा चालला, देशभर द्राक्षांवर बहिष्कार पडला, आणि १९७० साली मालकांना करारावर सह्या कराव्या लागल्या. १९७५ साली कॅलिफोर्नियात शेतमजूर संघटनेचा कायदा झाला. त्याच वर्षी ज्या आखूड दांड्याच्या खुरप्याने पिढ्यान्‌पिढ्या मजुरांच्या पाठी मोडल्या त्यावर बंदी आली.

ब्रासेरो असते तर हा संप मोडणे मालकांना सोपे गेले असते, हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळीत नाही. पण ब्रासेरो संप मोडू शकत होता तो मेक्सिकन म्हणून नव्हे, बांधलेला म्हणून. डेलानोच्या संपात उतरलेल्यांतही परदेशी जन्मलेले पुष्कळ होते. बांधून घेणारा करार गेला, कायद्याचा एक किमान दर हाताशी आला आणि दोन जमातींनी एकमेकांच्या पोटावर पाय देण्याचे नाकारले, तेव्हा मजुरी हलली. १९७४ मध्ये याच संघटनेने विनापरवाना मजुरांची नावे सरकारला कळविण्याची मोहीम काढली, ती तिच्या इतिहासातील काळी बाजू होय. त्या मोहिमेने संघटना बळकट झाली असे कोणी दाखवून दिलेले मला ठाऊक नाही.

आता आपल्या शिवारात या. कॅलिफोर्नियाचा ब्रासेरो म्हणजे परका माणूस अशी आपली समजूत असेल, तर दक्षिण गुजरातेत जाऊन पाहावे. तेथे तो मराठी आहे. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने सत्तरीच्या दशकात बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसराचा अभ्यास केला. तेथे हजारो भूमिहीन हळपती हाताला काम नाही म्हणून बसलेले, आणि कारखाना ऊस तोडण्यास खानदेशातून टोळ्या आणतो! मजुरांचा तुटवडा हे कारण असूच शकत नव्हते. उचल घेऊन आलेली, पाचटाच्या खोपीत राहणारी, मध्यरात्री उठविले तरी कोयता घेऊन निघणारी टोळी कारखान्याला हवी होती. घर जवळ असलेला हळपती संध्याकाळी घरी जातो. अडचण एवढीच होती. तेव्हा खानदेशी मजुराला हाकलून हळपतीचा प्रश्न सुटला असता, असे आपण तेथे जाऊन सांगणार काय?

आपल्याकडे बीड, जालना, धाराशिवचा मजूर कोल्हापूर-सांगलीच्या फडात ‘बाहेरचा’च असतो. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. म्हणजे बाईचे श्रम हिशेबात स्वतंत्र धरलेच जात नाहीत. मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्याला फड सोडता येत नाही. खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले; सरकारी पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्याचे निघाले. उचल देऊन श्रम जखडून घेणे १९७६ च्या वेठबिगारीविरोधी कायद्याने गुन्हा आहे. किमान वेतनाहून कमी देऊन राबविणे ही सक्तीची मजुरी होय, असे १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. हे दोन्ही दंडक साखरपट्ट्याच्या सीमेवर येऊन थबकतात.

आणि येथेही यंत्र आले आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी योजना काढली: किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ते अनुदान. लाभ घेणार उद्योजक, कारखाने, शेतकऱ्यांच्या संस्था. ज्याचा कोयता जाणार त्याच्यासाठी त्यात काय होते? यंत्राला रुंद सऱ्या लागतात, सलग रान लागते. म्हणजे एकरा-दोन एकरांचा ऊसवाला मागे पडणार आणि त्याचा ऊस शेवटी तोडला जाणार. कॅलिफोर्नियाच्या चार हजारांचे सहाशे कसे झाले, ते आठवावे. शिवाय यंत्रमालकाला टनामागे जो दर मिळतो तो कोयत्याच्या दरापेक्षा बराच वरचा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती मजूर दुर्मीळ झाला म्हणून मालकांना सुचलेली उदारता नव्हती. संघटनांनी संपाचे हत्यार उपसले होते आणि यंत्राला मिळतो तो दर माणसाला का नाही, हा प्रश्न टेबलावर ठेवला होता.

हात कमी झाले की मजुरी चढते, यावर अजूनही कोणाची श्रद्धा असेल तर त्याने २०२० चा पंजाब पाहावा. टाळेबंदीत बिहारचे मजूर गावी परतले. भातलावणीला हात नाहीत. स्थानिक दलित शेतमजुराला प्रथमच भाव मागण्याची संधी आली. तेव्हा अनेक ग्रामपंचायतींनी ठराव करून लावणीचे दर बांधून टाकले, अधिक मागणाऱ्यावर बहिष्काराची धमकी दिली, आणि सरकारने लावणीऐवजी थेट पेरणीच्या यंत्रांचा पुरस्कार केला. मागणी-पुरवठ्याचा नियम मजुराच्या बाजूने बोलू लागताच त्याचे तोंड दाबण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा जुना कायदा मोडीत काढून नवा कायदा केला, त्यात पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात मिळून साठ दिवस हमीची कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. ज्या दिवसांत मजुराची पत सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा दुसरा आधार काढून घ्यावयाचा! रोजगार हमीची कल्पना ज्या महाराष्ट्राने देशाला दिली, तेथे या कलमाविरुद्ध गावोगाव सभा व्हावयास हव्या होत्या. आपले काही साथी मात्र उत्तर प्रदेशातून येणारी गाडी किती भरून आली हे मोजीत बसले आहेत.

पुढच्या गळीत हंगामापूर्वी जिल्हा शाखांपुढे काम आहे. उचलीचा हिशेब लेखी व कारखान्याच्या जबाबदारीवर झाला पाहिजे, मुकादमाच्या वहीवर नव्हे. कोयत्याची मोजणी मोडून बाईचे नाव व मजुरी स्वतंत्र नोंदली गेली पाहिजे. यंत्रासाठी सार्वजनिक पैसा द्यावयाचा असेल तर त्यातला हिस्सा ऊसतोड मजुरांच्या सहकारी संस्थांना मालकीहक्काने मिळावा, आणि प्रत्येक यंत्रामागे जितके कोयते बसतील त्यांच्या बुडालेल्या हंगामाची भरपाई त्याच अनुदानातून आधी वळती व्हावी. साठ दिवसांचे कलम रद्द व्हावे. नोंदणीच्या वेळी मजूर कोठून आला हे विचारावे ते त्याला त्याच्या बोलीत पत्रक देता यावे म्हणून. फडावरच्या समितीत बीडचा, खानदेशचा, मध्य प्रदेशचा प्रतिनिधी शेजारी शेजारी बसला पाहिजे. दसऱ्याला टोळ्या निघतात. त्याआधी गावांतील बैठका उरकल्या पाहिजेत, कारण उचल मुकादमाने वाटून झाल्यावर आपले पत्रक वाचावयास कोणी थांबत नाही.